पाऊस पडतो, पण तळे भरत नाही

मालवण तालुक्यातील धामापूर हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे, ते तेथील तळ्यामुळे. दोन डोंगरांमधली जागा बांध घालून अडवावी आणि पावसाळ्यात समुद्राकडे धाव घेणारे पाणी गावासाठी राखून ठेवावे, ही दृष्टी १५३० साली नागेश देसाई यांनी दाखवली. तळ्याच्या काठी भगवतीचे मंदिर आहे आणि तळ्याच्या पाण्यावर पिढ्यान्पिढ्या शेती-बागायती होत आली आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तळ्याचा समावेश जागतिक वारसा ठरलेल्या सिंचनरचनांमध्ये केला. कोकणात पावसाला तोटा नाही. तोटा आहे तो पाणी साठवण्याच्या सोयीचा. हे साधे सत्य धामापूरने जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

तळ्याचा हा दाखला येथे देण्याचे कारण पाण्याचे नसून खेळाचे आहे. धामापूर काय किंवा त्याच्या आसपासचे कोणतेही गाव काय, तेथे एक जाणता क्रीडारसिक हमखास भेटतो. तो बहुधा निवृत्त शिक्षक असतो, नाही तर मुंबईत हयात घालवून गावी परतलेला चाकरमानी. तारुण्यात त्याने कबड्डीचे मैदान शिंपलेले असते आणि आता रात्री जेवणानंतर दूरचित्रवाणीच्या संचासमोर बसून तो सामने पाहतो. घरातली इतर मंडळी त्याच वेळेच्या मालिकेसाठी खोळंबलेली असतात, हा भाग वेगळा. या रसिकाची मते ठाम असतात आणि ती साधारणपणे तीन असतात. आताचे संघ आपले वाटत नाहीत, हे पहिले. पडद्यावर खेळापेक्षा नाटक अधिक झाले आहे, हे दुसरे. आणि खरे खेळाडू लोक विसरून गेले, हे तिसरे. ही मते म्हणजे म्हाताऱ्या माणसाची कुरकुर, असे म्हणून ती सोडून देण्याचा मोह होतो. वस्तुतः या तीन तक्रारी एकाच अर्थव्यवहाराच्या तीन बाजू आहेत आणि त्या व्यवहारात आज कोकणातल्या शेकडो तरुणांचे भवितव्य गुंतलेले आहे.

संघ कोणाचा?

कबड्डी हा मराठी मुलखाचा खेळ. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांना दाखवले. १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्याचा अधिकृत समावेश झाला, तोपर्यंतच्या वाटचालीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकाने आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. परंतु या खेळाचा खरा आधार होता तो मुंबईतील गिरणगावाचा. लालबाग-परळच्या चाळींतून राहणारा कोकणी कामगार दिवसा साच्यावर उभा राही आणि संध्याकाळी व्यायामशाळेच्या मैदानात उतरे. गिरण्या, बँका, रेल्वे, कारखाने यांचे संघ असत. संघाचे नाव आणि खेळाडूच्या पगारपत्रकावरचे नाव बहुधा एकच असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. त्या संपाच्या परिणामांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र वस्त्रोद्योगाबरोबर एका क्रीडासंस्कृतीचाही पाया खचला, याची नोंद क्वचितच घेतली गेली. बँका आणि सार्वजनिक उपक्रमांतील क्रीडाभरती त्यानंतर टिकून राहिली खरी. पण उदारीकरणाच्या काळात कायम नोकऱ्यांचा एकूणच ओघ आटत गेला, तसा हा मार्गही अरुंद झाला.

या पोकळीत २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग आली. पहिल्याच हंगामात तिला सुमारे साडेत्रेचाळीस कोटी प्रेक्षक लाभल्याचे सांगण्यात आले. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेशकुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. नऊ वर्षांत वीसपट! मातीतल्या खेळाला मिळालेली ही प्रतिष्ठा कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या खेळाडूला कालपर्यंत तालुक्याच्या ठिकाणीही कोणी ओळखत नव्हते, त्याचे नाव आज शाळकरी मुलांच्या तोंडी आहे.

तथापि रसिकाची तक्रारही निराधार नाही. मुंबई किंवा पुणे या नावाने खेळणारे संघ हे त्या शहरांतून उगवलेले नसून त्या नावाने विकत घेतलेले आहेत. लिलाव झाला की कालचा नायक आज प्रतिस्पर्ध्याच्या गणवेशात दिसतो. निष्ठा ठेवायची ती नावावर की माणसावर, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतो. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला मराठी मुलगा आहे, याचा आनंद सामान्य रसिकाला विजयाइतकाच झाला. त्याचे कारण हेच. संघाशी असलेले नाते तो अजूनही माणसाच्या गावावरून शोधतो.

पडद्यावरचे नाट्य

दुसरे मत नाट्याविषयीचे. कोकणातल्या माणसाला नाट्य परके नाही. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो, तेव्हा कथा सर्वांना ठाऊक असते आणि संवाद मात्र नट आयत्या वेळी रचतो. खेळाचे याच्या उलट असते. तेथे संवाद नसतात आणि शेवट कोणालाच ठाऊक नसतो. ही अनिश्चितता हेच खेळातील नाट्य होय. त्याला बाहेरून मसाला लावण्याची गरज नाही.

दूरचित्रवाणीची गरज मात्र निराळी आहे. वाहिनी प्रेक्षकाला खेळ विकत नाही. ती जाहिरातदाराला प्रेक्षकाचे लक्ष विकते. लक्ष टिकवायचे तर प्रत्येक क्षणी काहीतरी घडले पाहिजे. म्हणून चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ आले, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे असा नियम आला, माती जाऊन मॅट आली. यातील काही बदलांनी खेळ वेगवान आणि देखणा केला, हे मान्य करावेच लागेल. पण त्याबरोबरच मालिकेची तंत्रेही आली. एखाद्या खेळाडूचे अश्रू, त्याच्या आईची मुलाखत, दोघांमधले जुने वैर, संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवलेला संताप! ज्याच्याजवळ सांगण्यासारखी कथा आहे, तो पडद्यावर अधिक वेळ राहतो. ज्याच्याजवळ केवळ उत्तम पकड आहे, तो कोपऱ्यात जातो.

लक्ष या वस्तूचे अर्थशास्त्र किती विलक्षण आहे, याचे उदाहरण सिंधुदुर्गातच आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका वाड्यात झाले. पाहता पाहता तो वाडा पर्यटनस्थळ बनला. कधी जन्मालाच न आलेल्या अण्णा नाईकांचे घर पाहण्यासाठी दूरदूरची माणसे गाड्या करून आली. त्यात वावगे काही नाही. गावाला चार पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु त्याच परिसरात राज्यपातळीवर खेळलेल्या एखाद्या कबड्डीपटूचे घर कोणते, असे विचारले तर शेजारच्या वाडीतही उत्तर मिळेल की नाही, याची शंका वाटते. कल्पित माणसाला पत्ता मिळाला आणि खऱ्या माणसाचा पत्ता हरवला, एवढा पडद्याचा प्रभाव आहे.

विस्मृतीचा हिशेब

येथे रसिकाचे तिसरे मत येते. विसरलेल्या खेळाडूंची यादी महाराष्ट्रात लांबलचक आहे आणि तिच्या अग्रभागी खाशाबा जाधव आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊ शकले, ते लोकवर्गणीमुळे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केल्याचे सांगितले जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि स्वागताला शंभरावर बैलगाड्या निघाल्या. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, थांबावे लागले. पण बैलगाड्यांची मिरवणूक संपली आणि नव्याचे नऊ दिवस सरले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० मध्ये. आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडादिन म्हणून साजरा करण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय झाला तो २०२३ मध्ये. वरातीमागून घोडे कसे येते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

मुरलीकांत पेटकर यांची कथा थोडी सुदैवी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या सैनिकाने १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि पुढच्या जानेवारीत त्यांना जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. योगायोग म्हणावा तर म्हणता येईल. पण जे अर्धशतकात झाले नाही ते अडीच तासांच्या चित्रपटाच्या पाठोपाठ घडले, एवढे खरे. ज्याच्यावर चित्रपट निघाला नाही, त्याने कोणाकडे पाहावे?

क्रिकेटसारख्या धनाढ्य खेळातही विस्मृती आहेच. पद्माकर शिवलकर यांनी १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी न खेळता २०२५ च्या मार्चमध्ये जगाचा निरोप घेतला. मालवणात जन्मलेल्या रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेल्या अमोल मुजुमदारने अकरा हजारांहून अधिक प्रथमश्रेणी धावा काढल्या. भारताची टोपी त्याला मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याचे नाव घरोघरी पोचले. धावांनी जे दिले नाही ते प्रक्षेपणाने दिले.

आणि ही विस्मृती केवळ जुन्यांच्याच वाट्याला येते, असेही नाही. २०१२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या महिला कबड्डी संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. यांतली किती नावे महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आज सांगता येतील? हांगचौच्या आशियाई स्पर्धांत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताचे शंभरावे पदक आले ते महिला कबड्डीतल्या सुवर्णाच्या रूपाने. असे असूनही पुरुषांच्या लीगच्या तोडीची महिलांची लीग देशात उभी राहू शकलेली नाही. २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, ती तेवढ्यावरच थांबली.

बक्षीस आणि चरितार्थ

शेर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये ‘सुपरस्टार’च्या अर्थकारणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. प्रक्षेपणाच्या साधनांमुळे एकच कलावंत किंवा खेळाडू एकाच वेळी कोट्यवधींपर्यंत पोचू शकतो. त्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या आणि दहाव्या क्रमांकाच्या गुणांत थोडाच फरक असला तरी मिळकतीत प्रचंड अंतर पडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. कबड्डीत नेमके हेच घडते आहे. लीगमध्ये बारा संघ. एका संघात अठरा ते पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या देशातून फार तर तीनशे. ज्या वर्षी एकाला अडीच कोटींहून अधिक मिळाले, त्या वर्षी शेवटच्या वर्गातील खेळाडूची मूळ किंमत ९ लाख होती. या नऊ लाखांच्याही बाहेर हजारो तरुण मॅटवर घाम गाळत आहेत आणि त्यांना पडद्यावर दिसतात ते फक्त अडीच कोटी.

येथेच खरा धोका आहे. गिरणीचा किंवा बँकेचा संघ खेळाडूला संपत्ती देत नसे. पण गुडघा निखळल्यानंतरही पगार चालू राही. लीग संपत्ती देते. पण गुडघा निखळला की करार संपतो. पूर्वीचा व्यवहार चरितार्थाचा होता, आताचा बक्षिसाचा आहे. दशावतारी नटाबद्दल कोकणात म्हटले जाते, की रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. लिलावाच्या आशेने पदवी अर्ध्यावर सोडणाऱ्या तरुणाची अवस्था याहून निराळी होणार नाही; किंबहुना त्याच्या वाट्याला एका रात्रीचे राजेपणही येईल, याची शाश्वती नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक पदक एका रेल्वे कर्मचाऱ्याचे होते, हे विसरता कामा नये. नोकरीच्या स्थैर्याने जे साधले ते लिलावाने साधलेच असते, असे म्हणता येत नाही.

अर्थात जुना काळ सोन्याचा होता, असे मानणेही चूक ठरेल. त्या व्यवस्थेत पैसा तुटपुंजा होता, वशिला होता आणि स्त्रियांना वाव अल्प होता. म्हणून प्रश्न लीग हवी की नको, असा नाही. आकाशातून पडणाऱ्या या पैशाला बांध कोठे घालायचा, असा आहे.

बांध कोठे घालावा?

क्रिकेटचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. जून २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना, म्हणजे सामन्यामागे सुमारे ११८ कोटींना, विकले गेले. त्याच दिवसांत नियामक मंडळाने माजी खेळाडूंचे निवृत्तिवेतन वाढवले. ज्यांना १५ हजार मिळत त्यांना ३० हजार, ज्यांना ५० हजार त्यांना ७० हजार. कोटींच्या तुलनेत ही रक्कम थोडी असेल. पण पावसाचा काही भाग तळ्यात वळवता येतो, हे तिने सिद्ध केले. केंद्र सरकारचीही निवृत्तिवेतनाची योजना आहे आणि २०१८ मध्ये ऑलिंपिक पदकविजेत्यांसाठी ती रक्कम दरमहा २० हजार करण्यात आली. मात्र ती आंतरराष्ट्रीय पदकांशी जोडलेली आहे. राज्यासाठी दहा वर्षे खेळून रिकाम्या हाताने घरी परतलेल्याला तिचा उपयोग नाही.

तेव्हा पहिली गरज आहे ती लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नाचा ठरावीक अंश खेळाडूंच्या भविष्यनिर्वाह निधीसाठी आणि दुखापतीच्या विम्यासाठी राखण्याची. हा निधी केवळ लीगमधल्या तीनशे जणांपुरता नसावा. ज्या जिल्हा आणि राज्य संघटनांच्या मैदानांवर हे खेळाडू घडतात, त्यांच्यापर्यंत तो पोचला पाहिजे. दुसरी गरज नोकरीची. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी त्यावर डाग पडला. प्रत्येक अधिकृत स्पर्धेची नोंद त्याच दिवशी सर्वांना पाहता येईल अशी व्यवस्था झाली, तर खऱ्याचा हक्क खोट्याने हिरावून घेतला जाणार नाही.

तिसरी गोष्ट सरकारने करावयाची नाही. ती गावाने करावयाची आहे. कोकणात उन्हाळ्यात गावोगाव चषकांच्या स्पर्धा होतात. चाकरमान्यांच्या वर्गणीतून मोठाली बक्षिसे लागतात, ध्वनिक्षेपकांवर आणि दिव्यांवर हजारो रुपये उडतात. त्या खर्चाचा दहावा हिस्सा खेळाडूंच्या विम्यासाठी राखला, तर कोणाचा उत्साह कमी होणार नाही. शाळेच्या ओटीवर गुणवंत विद्यार्थ्यांचे फलक असतात. त्यांच्या शेजारी जिल्ह्यासाठी आणि राज्यासाठी खेळलेल्यांची नावे, वर्षासह, का लावू नयेत? शिक्षकांनी मनात आणले तर हे काम एका सुट्टीत होण्यासारखे आहे. जुने खेळाडू हयात आहेत, तोवर त्यांच्याकडून माहिती लिहून घेतली पाहिजे. स्मृती ही बाजारात मिळणारी वस्तू नाही. ती विहिरीसारखी सार्वजनिक मालमत्ता आहे आणि ती उपसती ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांचीच असते.

धामापूरच्या रसिकाची कुरकुर या अर्थाने ऐकली पाहिजे. त्याला लीग बंद पडावी असे वाटत नाही. उद्या रात्रीही तो सामना पाहायला बसणारच आहे. आपल्या वाडीतला जो पोरगा सकाळी धावायला जातो, तो पस्तिशीत कोठे असेल, एवढाच त्याचा प्रश्न आहे. १५३० साली ज्यांनी त्या दोन डोंगरांमध्ये माती टाकली, त्यांनी पावसाला नावे ठेवली नव्हती. पाऊस संपल्यानंतरच्या आठ महिन्यांचा त्यांनी विचार केला होता. कबड्डीच्या मैदानावर तो विचार अद्याप व्हावयाचा आहे.